शेअर कुठला घेऊ?

कम्प्युटेशनल फायनान्समध्ये एम.एस. करतेय असं सांगितलं की समोरच्याच्या डोळ्यांत आधी आदर येतो आणि मागोमाग लोभ. ‘म्हणजे शेअर बाजाराचंच ना? मग सांग बरं, कुठला घेऊ?’ लातूरच्या मामांनी हे विचारलं, आत्याच्या जावेनं विचारलं, पिट्सबर्गजवळच्या वेंकटेश्वर मंदिरात चिंचेचा भात खाताना ओळख झालेल्या एका निवृत्त डॉक्टरांनीही विचारलं. त्यांचं काही चुकत नाही. एवढं कर्ज काढून, एवढ्या लांब जाऊन पोरगी बाजाराचं गणित शिकते, तर भाव वर जाणार की खाली हे तिला कळत असणार, असं कुणालाही वाटेल. पण गंमत अशी, की वर की खाली एवढं एक सोडून बाकी सगळं आम्हाला शिकवलं जातं.

पिट्सबर्ग हे पोलादाचं गाव. बहुतेक भट्ट्या केव्हाच थंडावल्या, पण अँड्र्यू कार्नेगीच्या पैशातून १९०० साली स्थापन झालेली शाळा वाढत वाढत कार्नेगी मेलन विद्यापीठ झाली, आणि त्या विद्यापीठानं १९९४ मध्ये हा अभ्यासक्रम काढला. बिझनेस स्कूल, गणित, संख्याशास्त्र आणि सार्वजनिक धोरण अशी चार घरं मिळून तो चालवतात. त्यामुळे सकाळी मोजमाप सिद्धांताचं एखादं प्रमेय, दुपारी बाँडचे भाव, संध्याकाळी सी प्लस प्लस. सेमिस्टरचे दोन तुकडे करतात, प्रत्येक तुकड्याला ‘मिनी’ म्हणतात, आणि मिनी असते सात आठवड्यांची. विषयाशी जरा ओळख व्हायला लागते तोवर त्याची परीक्षा येऊन उभी राहते. बाहेर फोर्ब्स अॅव्हेन्यूवर बर्फ पडतो, वितळतो, पुन्हा पडतो. आत आम्ही उद्याच्या भावाबद्दल काहीही न बोलता भावाबद्दलच बोलत बसतो.

ते कसं, हे सांगायला एक उदाहरण पुरे आहे. हिशोब पाचवीतल्या पोराला जमेल असा आहे, तेव्हा वाचकानं कंटाळू नये.

एक शेअर आज १०० रुपयांना आहे. उद्या तो १३० होईल किंवा ९०. तिसरी शक्यता नाही, आणि व्याज शून्य. आता एक करार करायचा: उद्या हा शेअर १०० रुपयांना विकत घेण्याचा हक्क. सक्ती नाही, नुसता हक्क. भाव १३० झाला तर हक्कवाल्याला ३० रुपये सुटतात. ९० झाला तर कागद फाडून टाकायचा. या हक्काची आजची किंमत काय?

कुणीही आधी हेच विचारेल, की भाव चढायची शक्यता किती? निम्मी धरली तर ३० चे निम्मे १५. चढणार याची कुणाला खात्री असेल तर तो २५ सुद्धा देईल. आणि फळ्यावरचं उत्तर येतं साडेसात. मराठी माणसाला साडेसात म्हटलं की शनीच आठवतो, पण इथं शनीचा काही संबंध नाही. असे चार हक्क साडेसातला विका, हातात ३० रुपये येतील. २७० उसने घ्या. झाले ३००. त्यांत तीन शेअर घेऊन ठेवा. उद्या भाव १३० झाला तर तीन शेअरचे ३९० येतात. २७० फेडायचे, उरलेल्या १२० तून चौघांना तीस-तीस द्यायचे, हात मोकळे. भाव ९० झाला तर तीन शेअरचे २७० येतात; उसने फिटले, हक्कवाल्यांना काही द्यायचं नाही, पुन्हा हात मोकळे. चढो की पडो, विकणाऱ्याला फिकीर नाही. साडेसाताहून चार आणे जास्त मिळाले तर तेवढे बिनघोर खिशात.

पुन्हा एकदा वाचून बघा. या सगळ्यात भाव चढायची शक्यता किती, हे आपण कुणालाच विचारलेलं नाही.

मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी वहीकडे बघतच राहिले. मी वाढले त्या घरात पाऊस, सरकार, सोयाबीन आणि शेजारणीची सून या प्रत्येक विषयावर प्रत्येकाचं ठाम मत असे, आणि ज्याचं मत जास्त ठाम तो जास्त शहाणा. इथं पहिल्याच आठवड्यात कळलं, की मत बाजूला ठेवलं तर उत्तर जास्त स्वच्छ येतं. ज्याची खात्री नाही त्याचा अंदाज बांधत बसू नका. ते कसंही झालं तरी आपण उभे राहू अशी मांडणी आज करा. बाकीचा सगळा अभ्यासक्रम म्हणजे याच दोन फांद्यांच्या झाडाला आणखी फांद्या फोडणं. दिवसाऐवजी तास, तासाऐवजी मिनिट, आणि शेवटी फांद्या इतक्या बारीक होतात की झाड नाहीसं होऊन नुसती थरथर उरते.

त्या थरथरीची वंशावळ मोठी आहे. १८२७ मध्ये रॉबर्ट ब्राऊन या वनस्पतिशास्त्रज्ञानं पाण्यातल्या परागकणांमधले सूक्ष्म कण सूक्ष्मदर्शकाखाली नाचताना पाहिले. १९०० साली, म्हणजे कार्नेगीनं शाळा काढली त्याच वर्षी, पॅरिसमध्ये लुई बाशेलिए या विद्यार्थ्यानं सट्ट्यावर प्रबंध लिहिला आणि शेअर बाजारातल्या भावांना तीच चाल लावली. आइन्स्टाईनचा द्रवात तरंगणाऱ्या कणांवरचा लेख त्यानंतर पाच वर्षांनी आला. म्हणजे अणूंच्या आधी पैशाची थरथर कागदावर उतरली होती! बाशेलिएला मात्र त्याचा फारसा उपयोग झाला नाही. सट्टा हा काय गणिताचा विषय झाला, असं तेव्हाच्या शहाण्यांना वाटलं असावं. मग दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जपानमध्ये कियोशी इतो यांनी या थरथरीचं कलनशास्त्र रचलं, आणि १९७३ मध्ये फिशर ब्लॅक आणि मायरन शोल्स यांचा, वरच्यासारख्या हक्काची किंमत काढणारा लेख प्रसिद्ध झाला. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये शिकागोत ऑप्शनचा, म्हणजे अशाच हक्कांचा, पहिला संघटित बाजार उघडला. ब्लॅक-शोल्सचा तो लेख आधी साभार परत आला होता, ही माहिती परीक्षेच्या आदल्या रात्री फार दिलासा देते.

इतोंच्या सूत्राबद्दल जरा थांबून बोलायला हवं, कारण या अभ्यासातली सगळ्यात सुंदर गोष्ट मला तीच वाटते. कॉलेजात कलन शिकताना आपण अतिसूक्ष्म बदलाचा वर्ग टाकून देतो. आधीच सूक्ष्म, त्याचा वर्ग म्हणजे नसल्यातच जमा. पण ब्राऊनच्या कणाची चाल इतकी अस्वस्थ असते की तिचे ते क्षुल्लक वर्ग टाकून देता येत नाहीत. ते साठत जातात, आणि त्यांची बेरीज होते नेमकी तेवढी, जेवढा वेळ गेला. कण कुठं पोचेल ते सांगता येत नाही. पण वाटेत त्यानं किती तडफड केली याचा हिशोब घड्याळाशी तंतोतंत जुळतो. स्टीव्हन श्रीव यांनी याच अभ्यासक्रमात शिकवता शिकवता तयार केलेल्या टिपणांची दोन खंडांची पुस्तकं झाली आहेत; त्यांच्या दुसऱ्या खंडात हे सगळं संथपणे, एकही पायरी न गाळता मांडलंय. जगभरची मुलं त्या पुस्तकाला नुसतं ‘श्रीव’ म्हणतात, आपण ‘रँग्लर परांजपे’ म्हणावं तितक्या आदरानं.

कागदावर जे सुटत नाही ते रात्री मशीनवर सोडवायचं. त्याला मॉन्टे कार्लो म्हणतात. स्टॅनिस्लॉ उलाम हे गणिती १९४६ मध्ये आजारातून उठताना एकट्यानं पत्ते खेळत पडले होते. डाव सुटण्याची शक्यता गणितानं काढण्यापेक्षा शंभर डाव खेळून सुटलेले मोजावेत, असं त्यांच्या डोक्यात आलं आणि ही पद्धत जन्मली. आम्ही पत्त्यांच्या जागी भाव ठेवतो. आजच्या भावापासून दहा हजार रेघा सोडायच्या, प्रत्येक रेघ वर्षभर आपल्या मर्जीनं धडपडते, शेवटी कोण कुठं पोचलं त्याची सरासरी. पडद्यावर त्या रेघा उमटतात तेव्हा डावीकडे एकच ठिपका असतो आणि उजवीकडे उलगडलेला पिसारा. न घडलेली दहा हजार वर्षं एका चौकटीत मावतात. त्यांतलं घडणार एकच, आणि तेही बहुधा यांतलं नाही. मात्र या पद्धतीची एक खोड आहे: उत्तरातली चूक निम्मी करायची तर रेघा चौपट लागतात, दहावा हिस्सा करायची तर शंभरपट. पंखा घोंघावत राहतो, मैत्रीण मॅगी करते, आणि रुपयाच्या तिसऱ्या दशांशासाठी आपण पहाट करतो. ऑप्टिमायझेशनच्या तासाला नरेंद्र करमरकरांचं नाव निघतं. ग्वाल्हेरचा जन्म, आयआयटी मुंबईचं शिक्षण, १९८४ मध्ये बेल लॅब्समध्ये लिहिलेला अल्गोरिदम. चिनी मुलं ते नाव वहीत लिहून घेतात तेव्हा उगीचच मान ताठ होते. तेवढं माफ असावं.

नोकरीच्या हंगामाबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. सगळे एकाच रंगाचा सूट घालतात आणि एकाच हिरव्या पुस्तकातली कोडी पाठ करतात. सलग दोन छाप पडेपर्यंत नाणं सरासरी किती वेळा उडवावं लागेल? सहा वेळा. हे झोपेत विचारलं तरी सांगता आलं पाहिजे. नंतर व्हिसाची सोडत. वर्षाला ८५ हजार जागा, अर्ज त्याहून कितीतरी जास्त, निवड कॉम्प्युटर करणार. जोखमीचं शास्त्र शिकलेल्या पोरांचा मुक्काम शेवटी एका नाणेफेकीवर ठरतो, यावर वर्गात विनोद होतात. पण हसणाऱ्यांत अमेरिकन मुलंच जास्त असतात.

कर्जाचं कागदपत्र करताना बाबा सहकर्जदार म्हणून सह्या करत होते. राहतं घर तारण, शिक्षण संपेपर्यंत हप्ते नाहीत, व्याज मात्र पहिल्या दिवसापासून. कर्ज रुपयात, फी डॉलरमध्ये. बाबा सोयाबीन पिकवतात, ‘अॅग्रोवन’ शेवटच्या पानापर्यंत वाचतात, शिकागोच्या सीबॉट या वायदे बाजारात सोयाबीनचा काय भाव आहे हे त्यांना माझ्या आधीपासून ठाऊक. नंतर एकदा फोनवर त्यांना मी वरचं चार हक्कांचं उदाहरण समजावून सांगितलं. त्यांनी दोन्ही बाजूंनी हिशोब करून बघितला आणि म्हणाले, ‘जुळतंय. मग आमच्या मालाला असा हक्क कुठं मिळतो?’

खरं तर कागदावर मिळतो. हमीभाव म्हणजे दुसरं काय? ठरलेल्या भावाला माल विकण्याचा हक्क, सक्ती नाही. बाजारात जास्त मिळाला तर बाजारात विका. आमच्या भाषेत याला ‘पुट’ म्हणतात (वरच्या उदाहरणातला विकत घेण्याचा हक्क तो ‘कॉल’), आणि तो सरकारनं फुकट देऊ केलेला आहे. २०२४-२५ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव होता क्विंटलला ४,८९२ रुपये, आणि काढणीच्या वेळी सौद्यात भाव निघत होते त्याच्या बरेच खाली. पुस्तकातला माणूस लगेच हक्क बजावून मोकळा झाला असता. पण पुस्तकात ओलाव्याची अट नसते. खरेदी केंद्रावर १२ टक्क्यांच्या वर ओलावा चालत नव्हता, परतीच्या पावसानं माल ओला, मग नोव्हेंबरात ती अट १५ टक्क्यांवर आणली. तोवर बारदाना संपला. नोंदणी, मेसेज, रांग. दिवाळी, पेरणी आणि घेणेकरी रांगेत थांबत नाहीत, त्यामुळे माल आडत्याकडे जातो. हक्क शाबूत राहतो आणि मुदत टळून जाते. असा पुट आमच्या कुठल्याच गृहपाठात नव्हता: किंमत शून्य आणि बजावण्याचा खर्च मात्र ज्याचा त्यालाच माहीत.

बाजाराचा रस्ताही होता. वायदे होते. २०२१ च्या ऑगस्टमध्ये सोयाबीन क्विंटलला १० हजारांच्या वर गेलं, कोंबडीखाद्यवाल्यांची ओरड झाली, सरकारनं १२ लाख टन सोयापेंड आयातीला परवानगी दिली, आणि त्याच वर्षी २० डिसेंबरला बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीनं सोयाबीनसकट सात शेतमालांचे वायदे थांबवले. ती बंदी नंतर पुन्हा पुन्हा वाढवण्यात आली. महागाईला वायदे जबाबदार होते की नव्हते यावर तज्ज्ञांत वाद आहेत. माझं मत, आणि हे मत आहे, प्रमेय नव्हे, की ताप आला म्हणून थर्मामीटर फोडला.

गणितावर माझा आंधळा विश्वास आहे असं मात्र समजू नये. दोन फांद्यांच्या झाडात तिसरी शक्यता नसते, जगात असते. १९ ऑक्टोबर १९८७ ला डाऊ जोन्स एका दिवसात २२.६ टक्के पडला. त्या काळी मोठमोठे फंड वरच्या उदाहरणातलीच युक्ती उलट बाजूनं करत होते. भाव पडेल तसतसे विकत जायचे, म्हणजे विमा आपोआप तयार होतो. सगळ्यांनी एकदम विकायला काढलं तेव्हा घ्यायला कुणी नव्हतं. १९९४ मध्ये, आमचा अभ्यासक्रम निघाला त्याच वर्षी, लाँग टर्म कॅपिटल मॅनेजमेंट नावाचा फंड सुरू झाला. त्याच्या भागीदारांत शोल्स होते आणि रॉबर्ट मर्टनही होते. या दोघांना १९९७ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं आणि पुढच्याच वर्षी तो फंड इतका रुतला की १४ बँका आणि वित्तसंस्थांना ३६० कोटी डॉलर घालून तो सावरावा लागला. २००८ च्या आर्थिक संकटाची कथा सर्वांना माहीत आहे. वर्गात हे सगळं न लपवता शिकवतात, ही त्या वर्गाची मोठीच जमेची बाजू. सूत्र शिकवायचं आणि ते कुठं कुठं मोडलं तेही शिकवायचं.

पण वर्गात जे कुणी शिकवत नाही ते मला सेबीच्या एका अहवालात सापडलं. सप्टेंबर २०२४ चा तो अहवाल सांगतो, की तीन आर्थिक वर्षांत वायदे आणि ऑप्शनमध्ये उतरलेल्या एक कोटीहून जास्त सामान्य माणसांपैकी ९३ टक्के लोकांना तोटा झाला. एकूण तोटा १ लाख ८० हजार कोटी रुपयांच्या वर, माणशी सरासरी दोन लाखांच्या आसपास. सगळ्यात जास्त ट्रेडर महाराष्ट्रातले. आणि नफा कुणाला? २०२३-२४ या एका वर्षात स्वतःच्या पैशानं व्यवहार करणाऱ्या दलाली संस्थांना सुमारे ३३ हजार कोटी, परदेशी गुंतवणूकदारांना सुमारे २८ हजार कोटी, आणि त्यातला जवळजवळ सगळा अल्गोरिदमनं कमावलेला. ते अल्गोरिदम कोण लिहितं? माझ्या बाकावर बसणारी मुलं. हुशार, कष्टाळू, मॅगी वाटून खाणारी मुलं.

माझा चुलतभाऊ पुण्यात नोकरी करतो. त्याचा मेसेज येतो: ‘ताई, निफ्टी आज वर जाणार वाटतंय. कॉल घेऊ?’ त्याच्याकडे मत आहे. त्याच्या समोर जो विकायला बसलाय त्याच्याकडे मत नाही. त्यानं चार हक्क विकून तीन शेअर घेऊन ठेवलेत आणि हक्काच्या किमतीतला चार आण्यांचा फरक तो दिवसातून लाखो वेळा उचलतोय. भावाला मी हे समजावते. तो म्हणतो, ‘पण मागच्या गुरुवारी मला फायदा झाला होता.’ यावर इतोंकडेही उत्तर नसेल.

निफ्टीचा आठवड्याचा ऑप्शन चुलतभावाला मोबाइलवर दोन मिनिटांत मिळतो, पण तो आपल्याला नको आहे हे त्याला माहीत नाही. बाबांना काढणीपर्यंतच्या भावाचा हक्क हवा आहे, त्याचे रास्त पैसे मोजायचीही त्यांची तयारी आहे, आणि तो त्यांना कुठं मिळत नाही. गणित दोन्हीकडे तेच आहे.

हा अभ्यास करायला जाणाऱ्या मराठी मुलामुलींनी जरूर जावं. इतका देखणा विषय दुसरा नाही. फक्त सुट्टीला घरी आलात की एक दिवस बाजार समितीत सौदा निघताना उभे राहा. भाव कसा फुटतो, ओलावा कोण मोजतं, पट्टी हातात कधी पडते, ते बघा आणि वहीत लिहून न्या. तिथल्या माणसाला परवडेल असा एक पुट ज्या कुणाला रचता येईल, त्यानं मला जरूर कळवावं. कोड मी लिहून देईन.